दंडावरची शिवण

द्वितीय वर्ष, कला

वार्षिक अंकासाठी लिहायचे म्हटले की एखादी कविता द्यावी किंवा सहलीचे वर्णन द्यावे, असा आम्हा कला शाखेच्या मुलामुलींचा रिवाज आहे. मी मात्र एका शस्त्रक्रियेविषयी लिहिणार आहे. त्याचे कारण आधी सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत जे जे इंग्रजीत छापलेले असेल, ते वाचून त्याचा अर्थ सांगणे हे माझे काम ठरून गेले आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीने असाच एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि ती म्हणाली, "तू शिकतेस ना? मग हे वाच आणि मला समजेल असं सांग." तो कागद होता दंडाची सैल कातडी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा. चार पाने, बारीक टाईप, आणि शेवटी सहीसाठी रिकामी ओळ.

माझी मावशी सिडकोत राहते. घरीच पोळीभाजीचे डबे करते. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत जाणारी माणसे तिचे डबे नेतात. तीन-चार वर्षांपूर्वी तिचे वजन ९८ किलो होते. साखर वाढली, गुडघे बोलू लागले, तेव्हा डॉक्टरांनी तिला सरळ सांगितले की वजन उतरवा, नाहीतर पुढे कठीण आहे. मावशी जिद्दीची. भाकरी मोजून खाल्ली, पहाटे उठून चालली, आणि अडीच वर्षांत ६१ किलोंवर आली. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केले. पण वजन गेले तरी कातडी काही गेली नाही. दोन्ही दंडांखाली कातडीच्या झोळ्या लोंबू लागल्या. एका हळदीकुंकवाला तिने ओटी भरायला हात वर केला, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "अगं, तुला पंख फुटले की काय?" बायका हसल्या, मावशीही हसली. पण दुसऱ्याच आठवड्यात तिने शिंप्याकडून सगळे ब्लाऊज कोपरापर्यंत बाह्यांचे करून आणले. तेव्हापासून ऐन मे महिन्यातसुद्धा ती शेगडीपुढे त्या लांब बाह्यांत पोळ्या लाटते.

खरे सांगायचे तर प्रथम मला हे नसते खूळ वाटले. "या वयात कशाला हवं हे?" असे मी आईजवळ बोललेही. वाचता वाचता माझे मत कसे बदलत गेले, तेच या लेखात मांडायचा प्रयत्न आहे.

कातडी परत का आवळत नाही?

मावशीचा पहिला प्रश्न हाच होता. "चरबी गेली, मग कातडी का नाही गेली?" प्रश्न साधा वाटतो, पण सारा विषय त्यातच आहे.

त्वचा म्हणजे अंगावर चढवलेला निर्जीव अभ्रा नव्हे. तो शरीराचा एक अवयवच आहे, आणि आकाराने सर्वांत मोठ्या अवयवांपैकी एक. प्रौढ माणसाची त्वचा पसरली तर साधारण दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापते. तिचा वरचा थर पातळ असतो. त्याखालचा थर जाड असतो आणि त्वचेचे बळ त्या थरात असते. तिथे दोन प्रकारचे तंतू असतात. एकाला कोलॅजन म्हणतात. तो सुंभाच्या दोरीसारखा, ताण सहन करणारा. दुसरा इलॅस्टिन. तो परकराच्या इलॅस्टिकसारखा, ताणला तर लांबणारा आणि सोडला की जागेवर येणारा.

आता इलॅस्टिक दोन दिवस ताणून ठेवले तर परत येते, पण तेच दहा वर्षे ताणून ठेवले तर? त्वचेचेही तसेच होते. वर्षानुवर्षे खाली चरबी साठून राहिली की हे तंतू झिजतात, तुटतात. प्रौढपणी शरीर नवे इलॅस्टिन फारसे तयार करत नाही. म्हणून चरबी उतरली तरी ताणलेली त्वचा तशीच राहते. वय, ऊन, तंबाखू यांनी ही झीज आणखी वाढते. त्यातही दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा मुळात पातळ, म्हणून ती अधिक लोंबते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मावशीने आधी एका ब्यूटी पार्लरमधून कातडी आवळण्याचे मलम आणले होते, त्यात तिचे बरेच पैसे गेले. मलमाने त्वचा मऊ होते, तुटलेले तंतू सांधले जात नाहीत. व्यायामाने दंडाचा स्नायू भरतो आणि थोडा फरक दिसतो. तो करावाच, पण व्यायाम स्नायूला होतो, त्वचेला नाही. नळीने चरबी ओढून काढण्याच्या लायपोसक्शनचाही इथे एकट्याने उपयोग नाही. आतला भराव गेला की पिशवी आणखी रिकामी दिसणार. इतकी कातडी सैल झाल्यावर ती कमी करायची तर कापूनच काढावी लागते.

कापलेल्या नाकापासून सुरुवात

कापून काढायचे म्हटल्यावर आजी घाबरली. "देवानं दिलेल्या अंगाला सुरी कशाला लावायची?" असे तिचे म्हणणे. मी तिला म्हटले, "आजी, अगं आपल्या गावाचं नावच मुळी या विषयावरून पडलंय."

पंचवटीत शूर्पणखेची नासिका लक्ष्मणाने कापली म्हणून गावाला नाशिक नाव पडले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नऊ शिखरांवरून नाव पडले असेही सांगतात. नाव कशावरूनही पडलेले असो, तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचे नाक कापतो आहे असे शिल्प आपण सर्वांनी पाहिले आहे. नाक कापणे ही आपल्याकडची जुनी शिक्षा. त्या शिक्षेत वेदनेहून अधिक असते ती लाज. म्हणून तर मराठीत अब्रू गेली की नाक कापले गेले म्हणतात, आणि अब्रू राहिली की नाक राहिले म्हणतात. जिथे नाके कापली जात, तिथेच ती पुन्हा बसवण्याची विद्याही वाढली. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. पानाचे माप घेऊन तेवढी गालाची त्वचा उचलायची, ती नाकाच्या जागी सांधायची, आणि श्वासासाठी एरंडाच्या नळ्या बसवायच्या.

ही विद्या पोथीतच राहिली नव्हती. तिचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा आपल्या पुण्याचा आहे. कावसजी नावाचा एक शेतकरी जातीचा मराठा इंग्रजांच्या लष्करात बैल हाकण्याचे काम करी. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाच्या पत्र्याचे नाक आधी बनवायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे, त्याच्या कडेने रेघ मारायची, आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळवायची. दोन्ही भुवयांच्या मध्ये मात्र एक बारीक देठ तसाच ठेवायचा, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. टाके नाहीत, काताचा लेप लावून नाक सांधायचे आणि नंतर तुपात भिजवलेली पट्टी. नवे नाक नीट जगले की सुमारे पंचवीस दिवसांनी तो देठ कापायचा. इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि तिचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये याच पद्धतीने नाक केले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या त्वचेचे नाक करण्याची ही रीत जगभर 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली जाते.

ज्याच्या हाताने पाश्चात्त्य शल्यशास्त्राला हा धडा दिला, त्याचे नाव मात्र त्या वृत्तांतात नाही, नुसती जात आहे. मला हे वाचताना वाईट वाटले. आणखी एक योगायोग पाहा. 'प्लास्टिक सर्जरी'तला प्लास्टिक हा शब्द आपल्या बादलीच्या प्लास्टिकवरून आलेला नाही. तो मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ओल्या मातीला आकार देणे. आकार देणारी ती विद्या आपल्याकडे मातीत काम करणाऱ्याच्याच हातात होती!

आजीला मी हे सारे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पण त्याचं नाक कापलं होतं. हिचं काय कापलंय?" या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. कावसजीचे हिरावून घेतलेले परत द्यायचे होते, तर मावशीचे जास्तीचे काढायचे आहे. एकाला पुनर्रचना म्हणतात, दुसऱ्याला सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया. विमा कंपन्यांचाही नियम हाच आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वा उपचारासाठी आवश्यक असलेली शस्त्रक्रिया असेल तर खर्च मिळू शकतो, निव्वळ रूप बदलण्यासाठी मिळत नाही. पण दोहोंमधली रेषा वाटते तितकी स्पष्ट नाही. मावशीच्या काखेतल्या घडीत पावसाळ्यात घाम साठतो, लाल चट्टे उठतात, खाजून रक्त येते. आणि चार बायकांत हात वर करण्याची चोरी झालेली असते. ही लाज कावसजीच्या लाजेएवढी नसेल, पण ती खोटी म्हणता येत नाही.

शस्त्रक्रिया कशी होते?

या शस्त्रक्रियेला 'ब्रॅकिओप्लास्टी' म्हणतात. ब्रॅकियम म्हणजे बाहू. निव्वळ रूपासाठी दंडाची त्वचा कमी करण्याची रीत १९५४ साली अर्जेंटिनाच्या दोन शल्यविशारदांनी मांडली. पुढे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रिया जगभर वाढल्या, तशी तिची मागणीही वाढली.

मावशीबरोबर मी एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले. त्यांनी पाऊण तास दिला. मावशीला उभे करून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरायला लावले आणि दंडाखालची कातडी चिमटीत धरून किती निघेल त्याचा अंदाज घेतला. मावशी म्हणाली, "मॅडम, ब्लाऊजची बाही उसवून आत घेतात, तसंच ना हे?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी तसंच. फक्त कापडाची शिवण आतल्या बाजूला लपवता येते. कातडीची शिवण बाहेरच राहते."

माझ्या मते चार पानी कागदाचे सार या एका वाक्यात आहे.

शस्त्रक्रियेआधी वजन निदान काही महिने स्थिर असावे लागते, नाहीतर केलेले काम वाया जाते. रुग्ण जागा असताना, हात वर धरून दंडावर पेनाने खुणा करतात, कारण आडवे झाल्यावर कातडी वेगळीच पसरते. मग सहसा पूर्ण भूल देतात. काखेपासून कोपराच्या दिशेने, दंडाच्या आतल्या किंवा मागच्या अंगाला, लांबट पानाच्या आकाराचा त्वचेचा व चरबीचा पट्टा काढतात. स्नायूंना हात लावत नाहीत. दोन्ही कडा जवळ आणून थराथराने टाके घालतात. कातडी थोडी असेल तर काखेपुरती लहान चीर पुरते. फार असेल तर चीर काखेतून छातीच्या कडेपर्यंत न्यावी लागते. दोन्ही हातांना मिळून दोन-तीन तास लागतात. इथे शल्यविशारदाची खरी परीक्षा लोभ आवरण्यात असते. थोडी अधिक काढू म्हणून जास्त कापले, तर कडा मिटत नाहीत, किंवा ताणून मिटवल्या तर पुढे जखम उसवते.

नंतर काही आठवडे घट्ट बाह्यांचा खास पोशाख घालावा लागतो. हात उशीवर उंच ठेवावे लागतात. आणि चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही, जोर लावायचा नाही.

मोबदल्यात काय द्यावे लागते?

पहिली किंमत व्रणाची. तो काखेपासून जवळजवळ कोपरापर्यंत असतो. पहिले काही महिने तो लाल आणि जाड दिसतो, आणि निवळायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. तो पुसट होतो, नाहीसा होत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत व्रण जाड होऊन वर येण्याचा, क्वचित मूळ जखमेच्या बाहेर पसरण्याचा संभव गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. कान टोचल्यावर किंवा देवीच्या लशीच्या जागी ज्यांच्या अंगावर गाठ उठली असेल, त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे.

दुसरी किंमत धोक्याची. जखमेखाली पाणी साठणे, रक्त साचणे, पू होणे, काखेजवळ टाके उसवणे हे घडू शकते. दंडाच्या आतल्या अंगाने त्वचेला संवेदना देणारी एक नस जाते. ती दुखावली तर कोपराखालचा आतला भाग बधिर होतो, कधी कायमचा. काखेकडे जाणाऱ्या लसिकावाहिन्या तुटल्या तर हाताला सूज राहू शकते. पायात रक्ताची गुठळी होणे क्वचित घडते, पण ते गंभीर असते.

मधुमेह्याची जखम सावकाश भरते, म्हणून साखर आधी ताब्यात हवी. तंबाखूतले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि कापलेल्या कडेला रक्त कमी पोहोचते. बाईंनी विचारले, "विडी-सिगारेट?" मावशीने कानाला हात लावला. मी तिच्याकडे पाहिले. मग ती हळूच म्हणाली, "मिसरी लावते सकाळी." मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आपल्या कितीतरी घरांत लक्षातही येत नाही. बाईंनी ती आधी पूर्ण बंद करायला सांगितली.

आणखी एक सूचना इथेच करते. नावापुढे 'कॉस्मेटिक' लिहिलेला प्रत्येक जण प्लास्टिक सर्जन नसतो. एम.बी.बी.एस. नंतर शल्यचिकित्सेचे आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. हे शिक्षण असते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते. हे विचारण्यात संकोच नसावा. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच म्हसरूळला आहे. डॉक्टरांना पदव्या देणाऱ्या गावाने तरी पदवी न विचारता सुरीखाली जाऊ नये.

निर्णय कोणाचा?

मी चारही पाने मराठीत लिहून काढली. एका रात्री घरात सगळ्यांसमोर वाचली. काका म्हणाले, "पैसे जमवू." आजी म्हणाली, "नको." आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी मात्र आता गप्प होते. आधी नको म्हणायची घाई मीच केली होती.

मावशीने एकच प्रश्न विचारला, "सहा आठवडे जोर लावायचा नाही म्हणजे पोळ्या लाटायच्या नाहीत?" मी म्हटले, "नाही." ती रोज अडीचशे पोळ्या लाटते. सहा आठवडे डबे बंद ठेवले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार आणि परत येईलच असे नाही. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडा डॉक्टर सांगतात, पण बुडालेल्या रोजीचा आकडा कोणत्याच कागदावर छापलेला नसतो. तो मावशीने बोटांवर मोजला.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "आत्ता नको. मिसरी सोडते, साखर वर्षभर नीट ठेवते. धाकटीचं शिक्षण झालं की ती डबे सांभाळेल. मग बघू. त्या पंख म्हणाल्या म्हणून नाही करायचं, आणि ही नको म्हणते म्हणून थांबायचंही नाही." 'ही' म्हणजे मी!

मिसरी सोडून तिला आता सात महिने झाले. काखेतल्या चट्ट्यांवर त्वचारोगतज्ज्ञांनी औषध दिले आहे आणि घडी कोरडी कशी ठेवायची तेही सांगितले आहे. शस्त्रक्रिया होईल की नाही, हे मलाही सांगता येणार नाही.

या सगळ्यातून मी काय शिकले? शास्त्र आपल्याला फुकट काही देत नाही. सैल कातडी घेते आणि बदल्यात व्रण देते. तो सौदा पटतो की नाही, हे ज्याच्या दंडावर शिवण पडणार त्यालाच ठरवू द्यावे. हसणाऱ्यांनी ठरवू नये, तसेच 'नसते खूळ' म्हणणाऱ्या शहाण्यांनीही ठरवू नये. पण ठरवण्यासाठी आधी समजले पाहिजे, आणि समजण्यासाठी ते आपल्या भाषेत असले पाहिजे. चार पानी इंग्रजी कागदाखाली सही घेतली म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. दवाखान्यांतले असे कागद मराठीत लिहिण्याचे काम कुणीतरी करायला हवे. ते आपण भाषा शिकणाऱ्या मुलामुलींनी का करू नये? कला शाखेचा काय उपयोग, असे आम्हाला नेहमी विचारतात. त्याला माझे उत्तर मी हाताने लिहिलेल्या त्या अकरा पानांत आहे. मावशीने ती पाने पिठाच्या डब्यावर, पोळ्यांच्या हिशेबाच्या वहीत जपून ठेवली आहेत.

गेल्या महिन्यात शेजारच्या दोन बायका ती वाचायला मागून घेऊन गेल्या. त्यांतली एक त्या हळदीकुंकवाला हसलेली होती.